ताईच्या टेबलाला चाकं

हे गिऱ्हाईक मला ताईनं आणून दिलं. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं ऐकून कुणीतरी त्या गोदामाच्या साहेबाला शिव्या घालील, आणि तो माणूस तेवढा वाईट नव्हता.

मी वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात डिझाइनचं काम करतो. खाली पत्रा कापायचं, वाकवायचं, वेल्डिंगचं काम चालतं. वर पोटमाळ्यावर मी, माझा कॉम्प्युटर आणि एक पंखा, जो हवा कमी आणि आवाज जास्त देतो. हॉस्पिटलच्या ट्रॉल्या, कॅन्टीनच्या ट्रॉल्या, औषधांचे रॅक असल्या वस्तू आम्ही बनवतो. आजूबाजूचे कारखाने एकेक करून बंद झाले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि त्या इमारतींना ट्रॉल्या लागत नाहीत. काम इतकं आटलं होतं की दोन वेल्डर गावाला निघून गेले होते. मालक जिन्यात भेटले तर माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हते. पुढचा नंबर माझा, हे मला कळत होतं. अशात ताईचा फोन आला.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं तिनंच. लग्न झाल्यावरसुद्धा माझ्या डिप्लोमाचा भार तिनं दाजींना सांगून स्वतःच्या डोक्यावर घेतला. आता दाजी नाहीत. मुलीला घेऊन ती टिटवाळ्याला राहते आणि कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या एका मोठ्या गोदामात स्टॉकच्या टेबलावर कामाला जाते.

"अरे ऐक," ती फोनवर म्हणाली, "आमच्या सायबांना चाकावरचं टेबल पाहिजे. त्यावरच कॉम्प्युटर, त्यावरच लेबलचा प्रिंटर, आणि खाली बॅटरी. वायर ओढत न्यायला नको. मी म्हटलं, माझा भाऊ बनवतो. बनवतोस ना?"

बॅटरीची वस्तू मी उभ्या आयुष्यात बनवली नव्हती. "बनवतो की," मी म्हणालो.

गोदामात पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच थबकलो. आत अख्खं गाव मावेल एवढी जागा, रॅकच्या रांगा पार छतापर्यंत, आणि या सगळ्याच्या मधोमध एक टेबल. टेबलामागे खुर्चीत माझी ताई. खुर्चीवर तिनं जुन्या गोधडीची उशी शिवून घातली होती. काम असं चालायचं: बायका रॅकपाशी खोकी मोजायच्या, आकडा चिठ्ठीवर लिहून टेबलाकडे यायच्या, ताई तो कॉम्प्युटरमध्ये भरून लेबलं छापून द्यायची, लेबलं घेऊन त्या परत रॅककडे. दिवसभर हेच. टेबलापाशी आल्या की त्या जरा टेकायच्या, पाण्याचा घोट घ्यायच्या, "ताई, आज डब्याला काय?" एवढं विचारून निघायच्या. साहेबांच्या मते हा सगळा वेळ वाया जात होता.

साहेब माझ्याहून लहान, डोंबिवलीचे, बोलायला गोड. मला म्हणाले, "बघा, आपल्याला माल टेबलाकडे आणायचा नाहीये, टेबल मालाकडे न्यायचंय. बायकांची पायपीट पण वाचेल."

"तेच तर मी सांगत होते, सर," ताई मध्येच म्हणाली. "घोडा मेला ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तसं चाललंय आमच्या पोरींचं."

साहेब हसले. मग ताईनं मला हाताला धरून सगळ्या बायकांसमोर फिरवलं. "हा माझा धाकटा. इंजिनिअर आहे." डिप्लोमा हा शब्द तिच्या तोंडून मी कधीच ऐकलेला नाही. पन्नाशीकडे झुकलेला माणूस मी, पण त्या दिवशी शाळेत पहिला आलेल्या पोरासारखा तिच्या मागून चाललो होतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

मी रॅकमधल्या वाटांची रुंदी मोजली, लादीच्या काँक्रीटमधले सांधे बघितले, कारण छोटी चाकं नेमकी असल्या सांध्यात अडकतात आणि गाडी हिसका खाते. खोक्यांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या जमिनीवर पडलेल्या असतात, त्या चाकात गुंडाळल्या जातात, तेही लिहून घेतलं. लेबलचा प्रिंटर किती करंट ओढतो ते त्याच्या पाठीवरून उतरवून घेतलं. खुर्चीकडे माझं लक्षच गेलं नाही. ताई खुर्चीत होती, म्हणजे खुर्ची मला दिसली होती. पण ती मोजायची वस्तू आहे असं वाटलं नाही.

ते लक्षात आलं चार-पाच दिवसांनी, पोटमाळ्यावर. कॉम्प्युटरवर गाडीचं चित्र तयार झालं की शेजारी एक माणूस उभा करून बघायची पद्धत असते. करडा, बिनचेहऱ्याचा पुतळा. त्याचं कोपर कुठे येतं, स्क्रीन डोळ्यांसमोर येते का, सगळं त्याच्यावरून ठरवायचं. मी तो गाडीमागे उभा केला. सगळं जागच्या जागी बसलं. मग सहज वाटलं, याला बसवून बघू या. आणि बसवायला जागाच नव्हती. गाडी चालणार, खुर्ची काय तिच्यामागून चालणार आहे?

ताईच्या दोन्ही गुडघ्यांची वाटी झिजलेली आहे. कल्याणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन करून घ्या, आणि तोवर फार वेळ उभं राहायचं नाही. ऑपरेशन ती मुलीचं नर्सिंग पूर्ण होईपर्यंत पुढे ढकलत होती. जिना चढताना दोन्ही पाय एकाच पायरीवर आणून मग पुढची पायरी, असं तिचं चालतं. दाजींच्या पश्चात तिनं ही नोकरी धरली ती बसून करायची होती म्हणूनच. खुर्ची गेली तर एकतर गुडघे जाणार नाहीतर नोकरी. आणि ती खुर्ची काढून घेणारी वस्तू मी पोटमाळ्यावर बसून, पंख्याच्या खडखडाटात, मोठ्या हौसेनं काढत होतो.

रविवारी टिटवाळ्याला गेलो. निमित्त होतं मापाचं. गाडीच्या टेबलाची उंची कुणाच्या तरी कोपरावरून धरायची असते, आणि गोदामातल्या बहुतेक बायका ताईच्याच उंचीच्या. ती ओट्याशी भाकऱ्या थापत होती. मी टेप काढून जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेऊ लागलो.

"हलू नकोस."

"अरे, भाकरी करपेल ना!"

ती ओट्याच्या कडेवर पोट टेकवून उभी होती. अंगाचा भार थोडा ओट्यावर, थोडा एका पायावर. मग तो पाय दुखला की दुसऱ्यावर. हे मी इतकी वर्षं बघत आलो होतो आणि मला वाटायचं, ती अशीच उभी राहते.

"ताई, ही गाडी आली की टेबल जाणार."

"माहितीये."

"टेबल गेलं की खुर्ची जाणार."

तिनं भाकरी उलटली. "तेही माहितीये. मी काय एवढी खुळी आहे का?"

"मग मला कशाला बोलावलंस?" माझा आवाज चढला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि तिच्यावर तर तो हक्कानं निघतो.

"नसतं बोलावलं तर काय टेबल राहिलं असतं? सायबांनी पुण्याच्या कुठल्यातरी कंपनीची गाडी बघून ठेवलेली. येणारच होती ती. म्हटलं येतेच आहे तर आपल्या माणसाची येऊ दे. तुझ्या गाळ्याचं काय चाललंय ते मला काय कळत नाही? फोनवर तुझा आवाज ऐकला तरी कळतं."

"मी नाही बनवणार."

"बनवायची. मी तिथे सगळ्यांना सांगून बसलेय. आणि हे बघ, गुडघ्याचं तिथे एक अक्षर काढायचं नाही. एकदा दुखणेकरी म्हणून नाव पडलं की दुसऱ्या दिवशी घरी बसवतात."

"आणि उभी कशी राहणार आहेस दिवसभर?"

"अरे, बाईमाणूस मी. उभी नसते कधी?" असं म्हणून तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि स्वतः ओट्याशीच उभी राहिली. मला इतका संताप आला होता की तोंडातला घास फिरत होता. संताप तिचा नव्हता, आणि कुणाचा होता हेही नीट सांगता येत नाही. माप मात्र लिहून घेतलं.

पहिल्या गाडीत मी एक सीट घातली. गाडीच्या बाजूला एक पाटा, बिजागरीवर. वर उचलला की बाजूचं झाकण वाटायचा, खाली ओढला की त्यावर टेकता यायचं. माणूस टेकला तर गाडी एका अंगाला कलंडू नये म्हणून बॅटरी तळाशी विरुद्ध बाजूला ठेवली. मालकांनी विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, साइडचं कव्हर आहे. त्यांनी मान हलवली. ऑर्डर मिळतेय याच्या आनंदात त्यांना गाडीला शिंगं लावली असती तरी चाललं असतं.

ट्रायलच्या दिवशी गाडी छान चालली. सांध्यावरून आवाज न करता गेली, प्रिंटर चालू असताना कॉम्प्युटर बंद पडला नाही, ब्रेक लावला की जागची हलेना. साहेब खूश. आणि मग एका बाईनं सहज तो पाटा ओढला आणि "अगं बाई, बसायला पण आहे!" म्हणत त्यावर बसली. सगळ्या हसल्या.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"सीट आहे, सर. सलग उभं राहिलं की मोजण्यात चुका होतात."

"अहो, आपण काय बागेत बसायला गाडी घेतोय? बसायचंच होतं तर टेबल काय वाईट होतं?" बोलणं अजून गोडच होतं, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबरही होतं. मग ते ताईकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा. तुम्ही सगळ्यात जुन्या. उभं राहून जमेल ना?"

आता ती बोलेल असं मला वाटलं. साहेब आपणहून विचारत होते, एवढी सरळ संधी पुन्हा येणार नव्हती. पण ताईनं साहेबांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. आपण नाही म्हटलं तर भावाची गाडी परत जाईल, एवढंच तिच्या डोक्यात. आणि मी तोंड उघडलं तर तिची नोकरी जाईल, हे माझ्या डोक्यात. माहेरच्या माणसाचं नुकसान आपल्या तोंडून व्हायला नको, हे आमच्याकडच्या बायकांच्या हाडीमासी खिळलेलं असतं. तिथे गुडघ्यांना कोण विचारतो.

"जमेल की, सर. न जमायला काय झालं?" ती म्हणाली.

गाळ्यात परत आल्यावर तो पाटा मी स्वतः कापला. वेल्डर म्हणाला, द्या साहेब मी करतो, त्याला म्हटलं राहू दे. ग्राइंडर हातात धरून कित्येक वर्षं झाली होती. बिजागरीच्या भोकांना रबरी बुचं लावली आणि वरून पावडर कोटिंग करून घेतलं. काही कळून येत नव्हतं.

पण मी हट्टी माणूस आहे. समोरून दार लागलं तर मागून जायचं, हे मला तोंडानं नाही पण हातानं जमतं. गाडीत सगळ्यात महाग गोष्ट बॅटरी. कॉम्प्युटर आणि स्क्रीन तसं फार खात नाहीत, पण लेबलचा प्रिंटर तापतो आणि भरपूर ओढतो. पूर्ण शिफ्ट चालेल अशी बॅटरी बसवायचं ठरलं होतं. मी तिच्या निम्म्याची धरली. मालकांना सांगितलं, किंमत उतरेल, गाडी हलकी होईल, फक्त जेवणाच्या सुमारास चार्जिंगला लावावी लागेल. त्यांना पटलं. साहेबांनाही पटलं, किंमत बघितल्यावर सगळ्यांनाच पटतं. जेवणाची सुट्टी संपली तरी बॅटरी भरत नाही, आणखी तासभर तरी गाडी भिंतीपाशी उभीच राहणार, हे कागदावर होतं. कुणी तिथवर वाचलं नाही.

पहिल्या गाड्या गेल्या, टेबल उचललं गेलं, आणि थोड्या दिवसांनी ताईचा फोन आला. आवाजच वेगळा होता.

"अरे, तुझी गाडी जेवायला बसते ना, तेवढ्यात आम्ही पण बसतो. भिंतीपाशी रिकामे क्रेट आहेत, त्यावर. माझी उशी नेऊन ठेवलीय मी तिथे. सायबांनी विचारलं, का बसलात? म्हटलं, सर, बॅटरी!" आणि ती खळखळून हसली. दाजी गेल्यानंतर तिला तसं हसताना मी ऐकलं नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मुद्दाम केलंस ना रे?"

"छे गं. मोठी बॅटरी परवडत नाही."

"बरं बरं," ती म्हणाली.

ते दिवस चांगले गेले. पाय सुजायचे तिचे, संध्याकाळी मुलगी तेल लावून द्यायची, पण चालत होतं. दगडापेक्षा वीट मऊ. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात मला अभिमान वाटावा असं काही असेल तर ती अपुरी बॅटरी, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, किती दिवस चालेल? तिचं नेहमी बरोबर येतं म्हणून मी तिच्यावरच चिडलो.

दसऱ्याला साहेबांनी मला पूजेला बोलावलं. गोदामात त्या दिवशी सकाळी काम बंद होतं. गाड्या एका रांगेत उभ्या करून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. बॅटरीच्या झाकणावर कुंकवाची स्वस्तिकं, पुढे नारळ, उदबत्त्या. बायका काठपदराच्या साड्या नेसून आल्या होत्या. ताईनं केसात गजरा माळला होता. आरती झाली, पेढे वाटले, आपट्याची पानं हातात पडली. साहेब दोन शब्द बोलले. माझं कौतुक केलं, गाड्यांमुळे मोजणी किती लवकर होते ते सांगितलं, आणि शेवटी हसत हसत म्हणाले, "फक्त ती बॅटरी जरा लवकर मान टाकते हो तुमची. तेवढं एक कच्चं राहिलं."

तेवढंच. त्यात टोचण्यासारखंही काही नव्हतं. मी मान हलवली, बघतो सर, म्हणालो. पण चारचौघांत, सणाच्या दिवशी, भावाच्या कामाला कुणी कच्चं म्हटलेलं ताईला सोसेना. तिचा चेहरा लाल झालेला मला दिसला.

"कच्चं नाही हां, सर," ती म्हणाली. "मोठी बॅटरी बसवणं त्याला काय अवघड आहे का? आम्हाला जरा बसायला मिळावं म्हणून त्यानं मुद्दाम लहान ठेवलीय. आमचे पाय दुखतात म्हणून. एवढा विचार कोण करतो सांगा!"

बायकांनी माझ्याकडे असं बघितलं की तिथून पळून जावंसं वाटलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्याच वाजवू लागल्या. साहेबांनी गाड्यांच्या रांगेकडे एकदा बघितलं, मग तेही हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वा! भाऊ असावा तर असा." आणि आणखी एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

बाहेर बसपाशी येईपर्यंत ताईच्या लक्षात आलं. गजरा नीट करायच्या निमित्तानं ती थांबली. "मी काही चुकीचं बोलले का रे?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पण तिच्या डोळ्यांत इतकी भीती होती, आणि बोलली होती ती माझ्याचसाठी. "नाही गं," मी म्हणालो. "सोनं घे," आणि हातातली पानं तिला दिली. बस सुटली तेव्हा ती खिडकीतून बघत होती, मी हात हलवला. मग तिथेच एका टपरीपाशी उभं राहून मला रडू फुटलं. चहावाल्यानं विचारलं नाही, ते बरं झालं.

साहेबांचा फोन मला आलाच नाही, मालकांना आला. मालक स्वतः पोटमाळ्यावर चढून आले, तेव्हाच काय ते कळलं. बॅटरी काढता-घालता आली पाहिजे. उतरली की दुसरी घालायची, गाडी थांबता कामा नये. पुढच्या सगळ्या गाड्यांची ऑर्डर यावर आहे, आणि जुन्याही तशाच करून द्यायच्या. माझ्या हेतूबद्दल मालक एक शब्द बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "बघा बाबा. खाली आता पुन्हा चार घरं चालतायत." गावाला गेलेले वेल्डर परत आले होते, ते खरंच होतं.

मी बनवलं. नोकरी सोडायचा विचार केला नाही असं नाही, पण सोडून काय झालं असतं? पुण्याची ती कंपनी होतीच. आणि एकदा कागदावर रेघ ओढली की माझा हात वाईट काम करायला तयार होत नाही, हे माझं दुर्दैव. बॅटरी कपाटाच्या खणासारखी बाहेर यायची, दुसरी खटकन बसायची. मधल्या वेळात कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून आत एक छोटी बॅटरी वेगळी. वर धरायला मूठ, मुठीला रबर. वजन पाण्यानं भरलेल्या कळशीएवढं, त्याच्या खाली उतरेना, खूप खटपट केली. भिंतीपाशी चार्जिंगचा रॅक, त्यात वरपासून खालपर्यंत बॅटऱ्यांचे कप्पे. मालकांनी बघितलं आणि म्हणाले, याचं पेटंट घ्यायला पाहिजे.

ताईशी या काळात फोनवर बोलणं व्हायचं, पण बॅटरीचं नाव तीही काढायची नाही आणि मीही नाही. मुलीच्या परीक्षेचं, टिटवाळ्याच्या पाण्याचं, कुणाच्या तरी लग्नाचं बोलायचो. गुडघे कसे आहेत विचारलं की "आहेत जागच्या जागी" म्हणायची. एकदा म्हणाली, गाडी ढकलताना सुरुवातीला जोर लागतो, मग जाते. मी पुढे काही विचारलं नाही.

रॅक बसवल्यानंतर सगळं नीट चालतंय ना हे बघायला मला बोलावलं. भिंतीपाशी गेलो तर क्रेट नव्हते. तिथे माझा चार्जिंगचा रॅक होता, लाल-हिरवे दिवे लागलेले. गाड्या मालाच्या रॅकमधल्या वाटांतून फिरत होत्या, एकही थांबलेली नव्हती. एका गाडीवरची बाई तोंडानं "बॅटरी!" म्हणून ओरडली, आणि पलीकडच्या वाटेतून ताई आली.

तिनं सगळ्यात खालच्या कप्प्यातली बॅटरी ओढली. वरच्या कप्प्यांतल्या आधीच वापरून झाल्या होत्या, त्या अजून भरत होत्या. गुडघा वाकत नव्हता म्हणून एक पाय सरळ मागे ताणून, रॅकचा खांब एका हातानं धरून ती खाली वाकली. मी बसवलेली मूठ धरून तिनं बॅटरी वर उचलली, मग पोर कडेवर घ्यावं तशी कमरेवर घेतली आणि चालू लागली. चालायची पद्धत तीच, जिन्याची. एक पाय पुढे, दुसरा त्याच्या शेजारी. गाडीपाशी पोचली, जुनी काढली, नवी घातली, जुनी कमरेवर घेऊन परत फिरली. तोवर दुसरीकडून हाक आली होती. मला बघितल्यावर ती एकदम ताठ झाली आणि हसली. शेजारच्या नव्या बाईला तिनं काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण त्या बाईनं वळून माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला सांगायचं होतं. ताईंना गाडी ढकलायला जड जायला लागलेलं, चेहऱ्यावर कळायचं. बोलत नाहीत हो त्या काही. म्हणून बॅटरीचं काम त्यांना दिलं. हलकं आहे, त्यांच्या वयाला बरं. तुमच्या ताई म्हणून मुद्दाम."

ते मनापासून बोलत होते, तोंडावरून दिसत होतं. गुडघ्यांचं माझ्या जिभेवर आलं होतं. लांबून, कमरेवर बॅटरी घेऊन, ताई माझ्याकडे रोखून बघत होती आणि मान अगदी बारीक हलवत होती, नको म्हणून.

"थँक यू, सर," मी म्हणालो.